एक दाढ काढली, एक राहू दिली

गौरी जेवणाच्या दिवशी माझं तोंड उघडेना. पानात घावन-घाटलं वाढलेलं, शेजारच्या वहिनींचा आग्रह चाललेला, आणि मी घावनाचा एवढासा तुकडा दातांच्या फटीतून आत सरकवत होते. डाव्या कानाखाली ठणका, गिळताना घशात काटा रुतल्यासारखं. सासूबाई म्हणाल्या, "दातखीळ बसली की काय गं?" रात्रीपर्यंत गाल सुजला आणि अंगात कणकण आली.

हे दुखणं काही त्या दिवशीचं नव्हतं. जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात पहिल्यांदा दुखलं होतं. मी भांडुपला एका शाळेत मराठी शिकवते. पहिल्या आठवड्यात रजा मिळत नाही आणि मागवतही नाही. घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं, "अक्कलदाढ येतेय" म्हणाले आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. थांबलं. जुलैमध्ये परत दुखलं, परत त्याच गोळ्या. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा. तीनदा अँटिबायोटिक घेतलं, पण एकदाही दाढेचा एक्स-रे फोटो काढला नाही. मीही विचारलं नाही. मग एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथे म्हणाले, "चारही अक्कलदाढा एकाच दिवशी काढून टाकू, कटकटच नको." फोटो तिथेही नाही. 'ऑपरेशन करावं लागेल' हे शब्द ऐकून मी पर्स उचलली आणि बाहेर आले. जबड्याचं ऑपरेशन म्हणजे गाल बाहेरून कापतात, चेहऱ्यावर व्रण राहतो, अशीच माझी समजूत होती. ती चुकीची आहे हे सांगणारं कुणी भेटलं नाही. गौरी जेवणापर्यंत मी लवंगेवर दिवस काढले.

मुंबईत दातांची दोन मोठी सार्वजनिक रुग्णालयं आहेत. एक मुंबई सेंट्रलचं, महापालिकेच्या नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय. दुसरं सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय. आमची गाडी मध्य रेल्वेची, म्हणून दुसरं गाठलं. गणपती घरात असतानाच गेले. सीएसएमटीला उतरून अठरा नंबरच्या प्लॅटफॉर्मच्या बाजूने पी. डिमेलो रोडवर बाहेर पडलं की ते आवार चालत गाठता येतं. केसपेपरच्या रांगेत उभं राहिले तेव्हा मला बोलताही धड येत नव्हतं. नवऱ्यानेच नाव-वय सांगितलं.

पहिल्या तपासणीला एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी तोंड उघडायला सांगितलं आणि स्वतःची बोटं आडवी, एकावर एक धरून दाखवली. साधारण स्वतःची तीन बोटं अशी आत गेली पाहिजेत, म्हणाल्या. माझं एक जेमतेम गेलं. त्यांनी पट्टीने मोजून केसपेपरवर आकडा लिहिला: १६ मिलिमीटर. चाळीसच्या आसपास असायला हवं होतं. मग मला फोटोला पाठवलं.

तो फोटो म्हणजे ओपीजी. उभं राहायचं, हनुवटी एका आधारावर टेकवायची, समोरच्या दातांनी एक छोटी कांडी पकडायची, आणि यंत्र डोक्याभोवती अर्धा फेरा मारतं. दोन्ही जबडे, सगळे दात, सांधे, सगळं एकाच पट्टीवर उमटतं. तोंडात काहीही कोंबावं लागत नाही, त्यामुळे तोंड उघडत नसतानाही तो निघतो. जूनमध्येच हा फोटो निघाला असता तर? हा प्रश्न त्या दिवशी मनात आला तो अजून गेलेला नाही.

ओरल सर्जरीच्या विभागात ज्या मॅडमनी मला पाहिलं, त्यांचे माझ्यावर मोठे उपकार आहेत. त्यांनी फोटो पडद्यावर लावला, खुर्ची सरकवली आणि मला म्हणाल्या, "या, तुम्हीही बघा. तोंड तुमचं आहे."

वर उजवीकडे त्यांनी पेन टेकवलं. "इथे काहीच नाही. ही दाढ तुमच्यात तयारच झाली नाही. बऱ्याच जणांना एखादी-दुसरी नसते." म्हणजे चारही काढू म्हणणाऱ्यांनी माझी नसलेली दाढही काढायला घेतली होती!

वर डावीकडची दाढ सरळ पण जास्त खाली उतरलेली. खालच्या सुजलेल्या हिरडीवर तीच रोज चावत होती. "ही काढू, पण हिला ऑपरेशन म्हणायचं नाही. वरच्या जबड्याचं हाड मऊ, सच्छिद्र असतं. सरळ दाढ चिमट्याने निघते."

खाली डावीकडे माझं सगळं दुखणं होतं. दाढ पुढच्या दाढेवर कलंडलेली, गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या डुलकी लागलेला माणूस पुढच्याच्या पाठीवर रेलतो तशी. अर्धी हाडात, अर्धी बाहेर, आणि वर हिरडीचा एक पदर झाकणासारखा. त्या झाकणाखाली अन्नाचे कण जातात, ब्रश पोचत नाही, जंतू साचतात, सूज येते. ती सूज चावायच्या स्नायूंपर्यंत गेली की ते आखडतात आणि तोंड उघडत नाही. "गोळ्यांनी जंतू कमी होतात, पण खिसा तसाच राहतो. म्हणून दर महिन्याला परत." तीन महिन्यांचा उलगडा त्यांनी दोन वाक्यांत केला.

"पण हे ऑपरेशनच का? नुसती उपटता येत नाही?" मी विचारलं. त्यांनी पेन पुढच्या दाढेवर ठेवलं. "हिला वर यायला वाट कुठे आहे? पुढे ही दाढ, मागे हाड. ओढली तर पुढची दाढ हलेल नाहीतर जबड्यावर नको तेवढा जोर येईल. म्हणून हिरडी उघडायची, थोडं हाड बाजूला करायचं, दाढेचेच तुकडे करायचे आणि एकेक काढायचा. दिसतेय आणि पकडता येतेय ती नुसती काढायची. हिरडी-हाड उघडून पोचावं लागतं ती शस्त्रक्रिया. सगळं तोंडाच्या आतून. गालावर ओरखडाही येत नाही."

आणि खाली उजवीकडची? तीही आडवीच, पण पूर्ण हाडात बुडालेली. मला वाटलं, हिचंही तेच होणार. मॅडम म्हणाल्या, "ही राहू दे." मी चकित झाले. तिच्याभोवती गाठ नाही, पुढच्या दाढेला कीड नाही, तोंडाशी तिचा संबंधच नाही, आजवर एकदाही दुखली नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत तर २००० सालापासूनच, त्रास नसलेल्या निरोगी अक्कलदाढा नुसत्या 'पुढे दुखतील' म्हणून काढू नयेत, असं धोरण आहे, असं त्यांनी सांगितलं. काही डॉक्टर वय कमी असताना काढणं पसंत करतात, कारण तरुणपणी हाड लवचीक असतं आणि जखम लवकर भरते. मतं वेगळी असू शकतात. पण माझं वय ३४, आणि त्या दाढेची मुळं खालच्या ओठाला जाणीव देणाऱ्या नसेवर थेट टेकलेली दिसत होती. "काढण्यात धोका आहे आणि ठेवण्यात आज तरी नाही. मग मधूनमधून फोटो काढून लक्ष ठेवायचं. गाठ धरायला लागली तर तेव्हा बघू."

मला त्या दिवशी सगळ्यात जास्त धीर याने आला. जी बाई एक दाढ ठेव म्हणते, ती दुसरी काढ म्हणते तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही, असं मला मनापासून वाटलं.

ऑपरेशन लगेच करता येणार नव्हतं. सूज, पू आणि ताप असताना भूल नीट चढत नाही, शिवाय तोंडच उघडत नसेल तर हत्यार जाणार कुठून. आधी हिरडीच्या त्या झाकणाखाली पिचकारीने सलाईन मारून धुतलं, गोळ्या दिल्या, कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या करायला सांगितल्या. आणि एक गोष्ट बजावून सांगितली, ती इथे लिहायलाच हवी. जिभेखालचा भाग सुजून जीभ वर उचलली जायला लागली, थुंकी गिळता येईना, लाळ गळायला लागली, आवाज घोगरा झाला किंवा श्वासाला त्रास झाला, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. खालच्या दाढेचा जंतुसंसर्ग जबड्याखालून घशाकडे उतरू शकतो आणि श्वासाची वाट दाबू शकतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये याचं वर्णन केलं. आजही हे बहुतेकदा दाढेपासूनच सुरू होतं. दाढदुखीने माणूस दगावू शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

घरी सासूबाईंचं वेगळंच. "पितृपक्षात कापाकापी नको." मॅडमनी दिलेली तारीख नवरात्रानंतरचीच निघाली, त्यामुळे वादाचा प्रसंग आला नाही. सहामाही परीक्षा संपवून, पेपर तपासायला घरी आणून मी तीन दिवसांची रजा टाकली.

मधल्या काळात दोन फेऱ्या झाल्या. एक रक्ताच्या तपासण्यांसाठी: हिमोग्लोबिन, साखर, रक्त गोठायचा वेळ. दुसरी त्रिमिती स्कॅनसाठी. साध्या फोटोत डाव्या दाढेचं मूळही नसेच्या नळीला लागलेलं दिसत होतं, पण सपाट फोटोत मागचं-पुढचं कळत नाही. स्कॅनमध्ये दिसलं की दोघांमध्ये हाडाचा पातळ पापुद्रा शिल्लक आहे. तो नसता तर दाढेचा फक्त वरचा भाग काढून मुळं तशीच ठेवायचा एक मार्ग असतो, तो विचारात घेतला असता, असं मॅडम म्हणाल्या. तोही ऐकून ठेवला.

या फेऱ्यांत विभागाबाहेरच्या बाकावर बसून जे पाहिलं, त्याने 'तोंडाचं ऑपरेशन' या शब्दाचा माझ्या मनातला आवाकाच बदलला. मी समजत होते सगळे दाढेवाले. एक मुलगा बाईकवरून पडून जबडा मोडलेला. वरचे-खालचे दात तारेने बांधून ठेवलेले, आई त्याला फटीतून ताक पाजत होती. एक कॉलेजातली मुलगी, खालचा जबडा पुढे आलेला, तारा लावून झाल्यावर जबडाच मागे घ्यायच्या ऑपरेशनसाठी आलेली. एका काकूंना जबड्याच्या सांध्यात कटकट आवाज. त्यांना मात्र ऑपरेशन नको, मऊ खा, शेक द्या आणि व्यायाम करा म्हणून परत पाठवलं. एक आजी बायपास झालेल्या. दात काढायचा म्हणून त्यांनी रक्त पातळ ठेवायची गोळी आपल्या मनाने चार दिवस बंद केलेली. डॉक्टरांनी दात बाजूला ठेवला आणि आधी त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडलं. ती गोळी बंद करायची की नाही हे दोन्ही डॉक्टरांनी ठरवायचं असतं, आणि बऱ्याचदा ती बंद न करताच दात काढता येतो. मलाही केसपेपर लिहिताना विचारलं होतं: मधुमेह, दमा, हृदय, गरोदरपण, कुठल्या औषधाची ॲलर्जी, हाडं ठिसूळ झाल्याबद्दल कधी इंजेक्शनं-गोळ्या घेतल्या का. या शेवटच्या प्रश्नाचं मला नवल वाटलं. त्यातली काही औषधं चालू असताना दात काढला तर कधीकधी जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं पडून सडू शकतं. आपल्या घरातल्या साठीच्या पुढच्या किती बायका ही औषधं घेतात आणि दातवाल्याला सांगत नाहीत!

आणि एक माणूस, चाळिशीचा असेल. त्याला जांभई देता येत नव्हती. मावा खायचा, पंधरा वर्षं. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना चोळून मावा अजून हातोहात मिळतो. त्याच्या गालाची आतली त्वचा पांढरी, ताठ दोरीसारखी झालेली. माझी दातखीळ सुजेची होती, आठ दिवसांत सुटली. त्याची सुटणारी नव्हती. आतले पट्टे कापून तोंड थोडं मोकळं करता येतं, पण मावा सुटला नाही तर काही उपयोग नाही, आणि तिथून पुढे कर्करोगाचा रस्ता जवळ असतो. तो बायकोकडे न बघता हे सगळं ऐकत होता.

ऑपरेशनच्या दिवशी पोट भरून नाश्ता करून या म्हणाले होते. भूल फक्त जागेवर द्यायची असल्याने उपाशी राहायचं नव्हतं. उलट उपाशीपोटी चक्कर येते. सहीच्या कागदावर मराठीत धोके लिहिलेले: सूज, रक्त, जंतुसंसर्ग, खालचा ओठ-हनुवटी-जीभ बधिर होणं. त्या शेवटच्या ओळीवर माझा हात थांबला. बधिरपणा बहुतेकांचा काही आठवड्या-महिन्यांत जातो, कायमचा राहण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पण मी शिकवते, दिवसाचे पाच तास बोलते. त्यांना ते बोलून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "ओठ हलवणारी नस वेगळी आणि ओठाची खबर मेंदूला कळवणारी वेगळी. आपल्या वाटेत आहे ती कळवणारी. तिला धक्का बसला तरी ओठ वाकडा होणार नाही, शब्द अडणार नाहीत. फक्त जाणवणार नाही." मी सही केली.

जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात सुई टोचली तेव्हा एक झणका खालच्या ओठापर्यंत गेला. मग वाट बघणं. आधी ओठाला मुंग्या, मग तो जाड झाल्यासारखा, मग जिभेची डावी कड गेली. त्यांनी टोकदार सळईने हिरडीला टोचून पाहिलं, "इथे? इथे?" असं विचारत. पूर्ण खात्री होईपर्यंत सुरुवात केली नाही. वरची दाढ आधी काढली. खरंच, ती निघाल्याचं मला कापसाचा बोळा ठेवल्यावर कळलं.

"आता दुखणार नाही, पण दाब जाणवेल, आवाज येईल. भुलीने दुखण्याच्या नसा झोपतात, दाबाच्या पुऱ्या झोपत नाहीत. टोचलं, चरचरलं तर डावा हात वर करा. दाब वाटला तर करू नका." हे आधी सांगितलं नसतं तर प्रत्येक दाबाला मी दुखतंय असं समजून घाबरले असते. नंतर ड्रिलचा आवाज आला, डोक्याच्या आत घुमणारा. त्याबरोबर सतत सलाईनची धार आणि ते ओढून घेणारी नळी. मी नंतर विचारलं की एवढं पाणी कशाला. घर्षणाने हाड तापतं. ४७ अंशांच्या वर मिनिटभर जरी राहिलं तरी तिथल्या पेशी मरायला लागतात आणि जखम भरत नाही. म्हणून ती धार. मग एक कडकन आवाज झाला आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. "दाढ फुटली, जबडा नाही," मॅडम लगेच म्हणाल्या. तो त्यांनीच केलेला तुकडा होता. आधी डोकं निघालं, मग एक मूळ, मग दुसरं. खड्डा धुतला, हिरडीचा पदर परत जागेवर बसवला, काळ्या रेशमाचे तीन टाके. पाऊण तास झाला होता. त्या पाऊण तासात डाव्या हाताला एकदा वर जावं लागलं. लगेच थांबून आणखी भूल दिली.

दुपारची सीएसएमटीहून सुटणारी लोकल रिकामी असते, खिडकी मिळाली. तोंडात गॉजचा बोळा दाबून धरलेला, गालावर रुमालात गुंडाळलेली बर्फाची पिशवी. थुंकायचं नाही, हे सगळ्यात कठीण. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच जखमेचं झाकण. थुंकलं, स्ट्रॉने ओढलं, जोरात चूळ भरली की ती निसटते. म्हणून पहिल्या दिवशी गुळण्यासुद्धा नाहीत, लाळ गिळायची. थंड दूध, दही-भात मऊ कालवून. सासूबाई हळद लावू का, लवंगेचं तेल लावू का, म्हणून दोनदा दारात येऊन गेल्या. नको म्हणताना मला वाईट वाटलं, कारण जूनपासून त्यांच्याच लवंगेने मला निभावून नेलं होतं. चोवीस तासांनंतर बर्फ बंद आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू, त्याही नुसतं पाणी तोंडात फिरवून हळूच सोडून देण्याच्या.

सूज पहिल्या दिवशी नव्हे, तिसऱ्या दिवशी जास्त होती. मला वाटलं काहीतरी चुकलं. पण कागदावर तसंच लिहिलेलं होतं: दोन-तीन दिवस वाढेल, मग उतरेल. गालावर पिवळसर-हिरवा डाग पडला, तो मानेपर्यंत ओघळला आणि गेला. तीन दिवसांची रजा पुरली नाही, पाच लागले. इतरांना सांगताना मी आता आठवडाच धरा म्हणते.

भूल तीन-चार तासांत उतरायला हवी होती. जीभ आली, गाल आला, पण हनुवटीचा डावा भाग, रुपयाच्या नाण्याएवढा, आलाच नाही. सातव्या दिवशी टाके काढायला गेले तेव्हा मॅडमनी कापसाचं टोक फिरवून मला डोळे मिटायला लावले आणि कुठे कळतंय, कुठे नाही, याचा नकाशा पेनने हनुवटीवरच काढला. त्याचा फोटो केसपेपरला लावला. "नस तुटलेली नाही, दबली आहे. दर दोन आठवड्यांनी या, हा गोल लहान व्हायला हवा."

शाळेत परत गेले त्या दिवशी पाचवीला वर्णमाला होती. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य करत ओष्ठ्य वर्णांपाशी आले आणि पोटात गोळा आला. प, फ, ब, भ, म. मी म्हटले, मुलांनी माझ्यामागून म्हटले. एकाही मुलाने मान वर करून पाहिलं नाही. वर्ण स्वच्छ येत होते. मलाच माझा ओठ ओठाला टेकल्याचं अर्धवट कळत होतं. मॅडमनी सांगितलेलं नसेचं गणित मला तेव्हा खरं समजलं. चहा पिताना मात्र सांभाळावं लागायचं, ओघळ हनुवटीवर आला तर कळायचा नाही, आणि गरम असेल तर पोळल्याचंही कळलं नसतं. दुसऱ्या तपासणीला गोल अर्धा झाला. त्याआधी काही दिवस तिथे मुंग्या चालायच्या, रात्री खाज यायची. ते लक्षण चांगलं असतं म्हणाल्या. सहाव्या आठवड्यात कापूस सगळीकडे कळला.

टाके काढायच्या दिवशी शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ होते. माझ्यासारखीच दाढ, माझ्या एक दिवस आधी काढलेली असल्याने दुखणं आतापर्यंत संपायला हवं होतं. पण त्यांचं चौथ्या दिवशी सुरू झालं होतं, कानापर्यंत भणभणणारं, गोळ्यांना न जुमानणारं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विडी ओढली होती. गुठळी निसटून खड्डा कोरडा पडलेला, आतलं हाड उघडं. डॉक्टरांनी खड्डा धुऊन आत औषधाची पट्टी भरली आणि सगळ्या खोलीत लवंगेचा वास पसरला. त्या पट्टीत लवंगेतलाच अर्क असतो. दहा मिनिटांत त्या माणसाचे खांदे खाली आले. घरी येऊन मी हे सासूबाईंना आवर्जून सांगितलं.

त्या वासाची गोष्ट ऐकत सासरे बसले होते. बाबा बोलत नाहीत फारसे. दोन दिवसांनी त्यांनी मला एकटीला सांगितलं की जिभेच्या उजव्या कडेला एक फोड आहे, महिना होत आला. दुखत नाही, म्हणून बोलले नाहीत. बाबा तंबाखू कधीच खात नाहीत, जेवणानंतर सुपारी मात्र दोन्ही वेळ. "सुपारीत तंबाखू कुठे असतो?" असंही म्हणाले. मी त्या बाकावर ऐकलं होतं ते सांगितलं: नुसत्या सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये कर्करोगकारकांच्या यादीत घातलंय. आणि तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर दुखो न दुखो, दाखवायची. न दुखणारीची तर जास्त काळजी घ्यायची.

मुंबईत 'बायोप्सी' शब्द ऐकला की माणसाचं मन थेट परळच्या टाटा रुग्णालयात जाऊन बसतं. बाबा लोकलमध्ये भांडुप ते सीएसएमटी एक शब्द बोलले नाहीत. डॉक्टरांनी जीभ गॉजने धरून बाहेर घेतली, फोड बोटाने चाचपला, मानेतल्या गाठी चाचपल्या. मग खालच्या दाढेवर बोट फिरवलं. तुटलेल्या दाढेची एक धार जिभेला रोज घासत होती. त्यांनी धार घासून गुळगुळीत केली आणि दोन आठवड्यांनी बोलावलं. कारण काढून टाकल्यावर दोन आठवड्यांत फोड भरला तर तो घासल्याचा होता. नाही भरला तर तांदळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. जागेवर भूल देऊन करायचं काम, पंधरा मिनिटांचं, त्याच दिवशी घरी. बायोप्सी म्हणजे निकाल नव्हे, प्रश्न विचारायची पद्धत आहे, असं त्यांनी बाबांना समजावलं. त्या चौदा दिवसांत आमच्या घरात सुपारीची डबी कुणी आणली नाही आणि तो विषयही कुणी काढला नाही.

चौदाव्या दिवशी फोड भरलेला होता. डॉक्टरांनी तरीही बोटाने चाचपून पाहिलं आणि तीन महिन्यांनी परत बोलावलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आता दोन नोंदी आहेत, दोन्ही माझ्या अक्षरातल्या. एक मार्चमधली, 'बाबा, जीभ'. दुसरी पुढच्या ऑक्टोबरची, 'उजवी दाढ, फोटो'.